हेल्मेटच्या खालचं शरीर

रात्रपाळी

नमस्कार मंडळी,

दुचाकीच्या अपघातांवर चर्चा निघाली की ती हेल्मेटपाशी सुरू होते आणि हेल्मेटपाशीच संपते. घालावं की नाही, सक्ती हवी की नको, केस गळतात की नाही. त्या वादात एकच आकडा टाकते आणि पुढे जाते. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००८ सालच्या आढाव्यात हेल्मेटमुळे मृत्यूचा धोका सुमारे ४२ टक्क्यांनी आणि डोक्याला इजा होण्याचा धोका सुमारे ६९ टक्क्यांनी कमी होतो असं दिसलं. घालायचं. संपला विषय.

मी ऑर्थोच्या वॉर्डात सिस्टर आहे. आमच्याकडे येतात ते हेल्मेटमुळे वाचलेले लोक. "थोडक्यात निभावलं, डोक्याला काही नाही" असं नातेवाईक एकमेकांना फोनवर सांगत असतात, आणि खरंच तो मोठा दिलासा असतो. पण त्या दिलाशाच्या भरात पायाकडे आणि हाताकडे पुरेसं लक्ष जात नाही. नंतरची वर्षं माणूस जगतो ती त्याच पायावर आणि त्याच हातावर. म्हणून हा धागा मानेच्या खालच्या शरीराबद्दल.

सुरुवात नडगीपासून. चारचाकीला पुढे बंपर असतो, बाजूला दारं असतात. दुचाकीवर बाजूने धडक बसली की मधे येतो तो स्वाराचा पाय. एकीकडून समोरची गाडी, दुसरीकडून स्वतःचीच गाडी, आणि पडल्यावर त्या पायावर पुन्हा गाडीचं वजन. नडगीवरून बोट फिरवून बघा, आतल्या बाजूला हाडावर नुसती कातडी आहे. स्नायूंची गादीच नाही. त्यामुळे हाड मोडलं की त्याचं टोक सहज बाहेर येतं, आणि रक्तपुरवठा बेताचा असल्यामुळे भरून यायलाही ते हाड फार वेळ घेतं.

इथे लोक हमखास फसतात ते छोट्या जखमेला. मोडलेल्या हाडाजवळ सेंटिमीटरभर जखम असली, तरी ते उघडं फ्रॅक्चर धरतात. गस्टिलो आणि अँडरसन यांनी १९७६ साली उघड्या फ्रॅक्चरच्या प्रती ठरवल्या. त्यात पहिली प्रत हीच, एक सेंटिमीटरपेक्षा लहान आणि स्वच्छ जखम. हाड टोचून बाहेर आलं आणि पुन्हा आत गेलं, जाताना रस्त्यावरची घाण घेऊन गेलं, असं झालेलं असू शकतं. दोन टाके घालून वर प्लास्टर चढवलं म्हणजे जंतूंना आत कोंडून घेतलं. अशा जखमेला अँटिबायोटिक जितकं लवकर तितकं चांगलं, शक्यतो पहिल्या तासाभरात. त्यानंतर ऑपरेशन थिएटरमध्ये व्यवस्थित धुणं. जागेवर मदत करणाऱ्याने फक्त स्वच्छ ओलसर कापड ठेवायचं आणि पाय आहे तसा आधार देऊन स्थिर करायचा. बाहेर दिसणारं हाड आत ढकलायचं नाही. हळद, माती, पावडर काहीही भरायचं नाही.

दुसरी गोष्ट याहून फसवी, कारण तिथे रक्तच दिसत नाही. पोटरीचे स्नायू घट्ट पडद्यांच्या कप्प्यांत असतात. मार लागून आत सूज किंवा रक्त साठलं की कप्प्यातला दाब वाढतो, बारीक रक्तवाहिन्या दबतात आणि स्नायू आतल्या आत मरायला लागतो. याला कंपार्टमेंट सिंड्रोम म्हणतात. दुखणं जखमेच्या मानाने फारच जास्त, वेदनाशामकाला न जुमानणारं. पोटरी दगडासारखी टणक. आणि सगळ्यात उपयोगी खूण म्हणजे पायाची बोटं दुसऱ्याने हलकेच वर-खाली केली तरी पेशंट किंचाळतो. पायाची नाडी लागते म्हणून निर्धास्त राहू नका, नाडी अगदी शेवटपर्यंत लागू शकते. हातात असतात साधारण सहा तास. डॉक्टर पोटरीला लांब छेद देऊन कप्पे मोकळे करतात. बघायला भयंकर वाटतं, पण पाय त्यानेच वाचतो.

प्लास्टर घातलेल्या पेशंटने रात्री "फार घट्ट वाटतंय, सहन होत नाही" म्हटलं, तर "सकाळी डॉक्टर आले की बघू" हे उत्तर नाही. त्याच वेळी आवाज करायचा, प्लास्टर कापून सैल करून घ्यायचं. सिस्टर वैतागली तरी चालेल. आम्ही वैतागतो, पण येतो.

हात, खांदा, ओटीपोट यांवर जाणकारांनी लिहावं. मी प्रतिसादांत आहेच.

सुसाट

ताई, माहिती चांगली आहे, पण हे सगळं भन्नाट गाडी हाणणाऱ्यांना लागू. शिस्तीत ४०-५० ने जाणाऱ्याचं काय मोठं होणार? खरचटेल, फार तर हात मोडेल.

किकमास्तर

सुसाट, नाव बदला नाहीतर मत तरी बदला. :)

अमेरिकेत हॅरी हर्ट आणि त्यांच्या चमूने लॉस एंजेलिस परिसरातल्या ९०० दुचाकी अपघातांचा जागेवर जाऊन तपास केला होता. १९८१ साली आलेला तो अहवाल अजूनही वाचनीय आहे. त्यात अपघाताच्या जरा आधीचा मधला वेग (मीडियन) निघाला ताशी २९.८ मैल, म्हणजे ४८ किलोमीटर. ब्रेक वगैरे लागून प्रत्यक्ष धडकेच्या क्षणी ताशी २१.५ मैल, म्हणजे ३५ किलोमीटरच्या आसपास. निम्मे अपघात त्याहूनही कमी वेगाचे! म्हणजे तुमचा "शिस्तीतला" वेग हाच अपघाताचा नेहमीचा वेग आहे.

त्याच अहवालातली दुसरी गोष्ट. दुसरं वाहन गुंतलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश ठिकाणी त्या वाहनाच्या चालकाने दुचाकीची वाट अडवली होती. युरोपातल्या पाच देशांत ९२१ अपघातांचा असाच अभ्यास झाला, तो मेड्स नावाने ओळखतात. तिथेही निम्म्या अपघातांत मूळ कारण दुसऱ्या वाहनाच्या चालकाची चूक हेच निघालं. चालक नंतर म्हणतो, "मला दिसलाच नाही." बहुतेक वेळा तो खोटं बोलत नसतो. वळताना त्याची नजर मोठं वाहन शोधत असते, त्यात दुचाकी निसटते. तुम्ही कितीही शिस्तीत असलात तरी पाय तुमचाच मधे येणार.

ताईंच्या मुद्द्यालाही तिथे आधार सापडतो. मेड्समध्ये नोंदलेल्या एकूण इजांपैकी जवळजवळ एक तृतीयांश पायाच्या होत्या. डोक्याच्या त्याहून बऱ्याच कमी, एक पंचमांशाच्या आत.

सुसाट

४८ चा आकडा माहीत नव्हता. मान्य.

पण मग वजनदार हेल्मेटने मान मोडते हे तरी खरं ना? आमच्या ग्रुपमधले एक काका तेवढ्यासाठी अर्धं टोपडं घालतात.

जुनीपाने

काकांना सांगा, हर्ट यांनी हेही तपासलं होतं. हेल्मेटमुळे मानेच्या गंभीर इजा वाढल्याचं त्यांना आढळलं नाही. आणि अर्ध्या टोपड्याबद्दल म्हणाल, तर जर्मनीत डिटमार ओटे यांनी अपघातग्रस्त हेल्मेटांवर मार नेमका कुठे लागतो याचा नकाशा काढला. सुमारे एक तृतीयांश मार हनुवटीच्या भागावर होता. अर्ध्या टोपड्यात तिथे काहीच नसतं. जबडा, दात, चेहऱ्याची हाडं सगळं उघड्यावर.

अवांतर: हेल्मेटच्या अभ्यासाची सुरुवातही एका दुचाकी अपघातापासूनच झाली. 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' म्हणून गाजलेले टी. ई. लॉरेन्स मे १९३५ मध्ये मोटरसायकलवरून पडले आणि सहा दिवसांनी गेले. हेल्मेट नव्हतं. त्यांच्यावर उपचार करणाऱ्यांत ह्यू केर्न्स नावाचे मेंदूचे सर्जन होते. पुढे दुसऱ्या महायुद्धात त्यांनी सैन्यातल्या मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या इजा अभ्यासल्या. १९४१ साली त्यांचा लेख छापून आला, आणि त्याच वर्षी ब्रिटिश सैन्यात स्वारांना हेल्मेट सक्तीचं झालं.

रात्रपाळी

जुनीपाने, अवांतर आवडलं. पण डोक्यावर आलोच आहोत तर एवढं लिहून ठेवते. अपघातानंतर काही वेळ शुद्ध हरपली, मग माणूस उठला, बोलला, पाणी प्यायला, आणि काही तासांनी डोकं भणभणून उलट्या सुरू झाल्या किंवा पेंग यायला लागली, तर तो "थकलाय, झोपू दे" नसतो. कवटी आणि मेंदूचं आवरण यांच्या मधे रक्त साठत असू शकतं. ताबडतोब सीटी स्कॅन. वेळेत काढलेला असा गोळा म्हणजे पूर्ण बरा झालेला पेशंट. उशीर झाला तर नाही. हेल्मेट घातलं होतं म्हणून हा नियम सैल होत नाही.

धाकटी_पाती

धागा वाचून लिहायचं धाडस करतेय. माझ्या दिरांना अपघात होऊन दोनेक महिने होत आले. हेल्मेट होतं, डोकं ठीक. कॉलरबोन मोडलं होतं, ते जुळत आलंय. पण उजवा हात खांद्यापासून हलत नाही. कोपर वाकत नाही. बोटं थोडी हलतात. हाताला स्पर्श कळत नाही, आणि तरीही रात्री त्याच हातात विजेचे झटके बसल्यासारखं दुखतं, ते ओरडून उठतात. जिथे उपचार चालू आहेत तिथे "सूज उतरली की येईल हळूहळू, सहा-आठ महिने वाट बघा" असं सांगितलंय. घरात सगळे वाटच बघतायत. हे बरोबर आहे का?

नसानस

धाकटी_पाती, मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि असे हात माझ्याकडे वरचेवर येतात. मी तपासलेलं नाही, त्यामुळे निदान सांगणार नाही. पण तुम्ही जे लिहिलंत त्यावरून नुसती वाट बघत बसू नका हे नक्की सांगतो.

मानेच्या मणक्यांमधून पाच नसा निघतात, खांद्याखाली एकमेकींत गुंफतात आणि मग हातभर पसरतात. या जाळ्याला ब्रेकियल प्लेक्सस म्हणतात. दुचाकीवरून उडालेला माणूस खांद्यावर आपटतो तेव्हा खांदा खाली दाबला जातो आणि डोकं विरुद्ध बाजूला जातं. मान आणि खांदा यांच्यातलं अंतर झटक्यात वाढतं आणि नसा ताणल्या जातात. कधी नुसत्या ताणतात, त्या आपोआप सुधारतात. कधी मधेच तुटतात. कधी मज्जारज्जूपासून मुळासकट उपटल्या जातात. उपटलेली नस कितीही महिने थांबलं तरी स्वतःहून जोडली जात नाही. बाहेरून तिन्ही हात सारखेच लुळे दिसतात, इथेच घोळ होतो.

नाराकास नावाच्या सर्जननी आपल्या पेशंटांवरून एक ठोकताळा मांडला होता, सात सत्तरांचा. या जाळ्याच्या इजांपैकी ७० टक्के रस्ते अपघातांमुळे. त्यातले ७० टक्के दुचाकीस्वार. त्यातल्या ७० टक्के लोकांना इतरही जबर मार. पुढे हेच सूत्र उपटलेल्या मुळांपर्यंत आणि कायमच्या वेदनेपर्यंत जातं. आकडे ढोबळ आहेत, पण चित्र खरं आहे: दुचाकी, इतर मोडतोड, आणि त्या गडबडीत मागे पडलेला हात. कॉलरबोन एक्सरेत दिसतं, नस दिसत नाही.

आता वेळेचा हिशोब. नस वाढते दिवसाला साधारण एक मिलिमीटर. दुसरीकडे, नस तुटलेला स्नायू कायम तिची वाट बघत थांबत नाही. वर्ष-दीड वर्षात तो इतका सुकतो की नंतर नस पोचली तरी उपयोग होत नाही. मानेपासून दंडापर्यंतचं अंतर मोजा म्हणजे कळेल की ऑपरेशन करायचं असेल तर ते तीन ते सहा महिन्यांच्या आत का करतात. तुम्हाला सांगितलेल्या सहा-आठ महिन्यांत नेमकी तीच खिडकी बंद होते.

ऑपरेशनमध्ये पायातली एखादी कमी महत्त्वाची नस घेऊन जोड देतात, किंवा चालू असलेल्या नसेतला थोडा भाग बंद पडलेल्या स्नायूकडे वळवतात. उदाहरणार्थ, फ्रान्सच्या ओबर्लिन यांनी १९९४ मध्ये मांडलेली पद्धत: बोटांकडे जाणाऱ्या अल्नर नसेतला एक बारीक धागा कोपर वाकवणाऱ्या स्नायूला जोडायचा. बोटांचं फारसं नुकसान होत नाही आणि कोपर वाकायला लागतं. तुमच्या दिरांची बोटं हलतात हे म्हणून महत्त्वाचं आहे. नसांची ऑपरेशनं करणाऱ्या डॉक्टरांना दाखवा आणि ते आवर्जून सांगा.

एक बघाल का? त्या बाजूची पापणी किंचित खाली आली आहे का, आणि बाहुली दुसऱ्या डोळ्यापेक्षा लहान दिसते का? असेल तर सर्वांत खालचं मूळ उपटलं गेल्याची शंका येते.

धाकटी_पाती

पापणी दोन्हीकडे सारखीच आहे, बाहुलीही. आत्ताच बघून आले. दुखण्यावर काही करता येतं का? दिवसा ते बोलत नाहीत, पण चिडचिड फार वाढली आहे.

नसानस

येतं. साध्या वेदनाशामकांनी ते दुखणं हटत नाही, कारण ते जखमेचं दुखणं नाही, नसेचं आहे. त्यासाठी वेगळी औषधं असतात, गॅबापेंटिन किंवा अमिट्रिप्टिलिनसारखी. डॉक्टरांकडूनच घ्या, मात्रा हळूहळू वाढवावी लागते. चिडचिड समजून घ्या. झोप नाही, हात आपला वाटत नाही, आणि सगळे म्हणतायत "नशीबवान आहेस". कोणीही चिडेल.

तोवर घरी: खांदा, कोपर, मनगट, बोटं रोज दुसऱ्या हाताने हलवून मोकळी ठेवायची. सांधे आखडले तर उद्या नस येऊनही हात हलणार नाही. हात लोंबकळू देऊ नका, झोळीत ठेवा, नाहीतर खांदा खाली उतरतो. आणि चहाचा कप, इस्त्री, सायलेन्सर यांच्यापासून जपा. बधिर हात भाजतो तेव्हा वास येईपर्यंत कळत नाही.

मधली_फळी

फार उपयुक्त. वाचनखूण साठवली. एक शंका, अपघात झालेल्या माणसाचं हेल्मेट काढायचं की नाही? दोन्ही बाजूंनी ठामपणे सांगणारे लोक भेटतात.

रात्रपाळी

शुद्धीत आहे, श्वास नीट चालू आहे, तर हात लावू नका. काच वर करा, बोलत राहा, मान हलवू नका म्हणून सांगा. श्वास अडतोय, उलटीने तोंड भरलंय किंवा श्वासच थांबलाय, तर काढावंच लागतं, कारण मानेच्या भीतीने श्वास अडवून ठेवण्यात अर्थ नाही. पण दोघांनी काढायचं. पट्टा सोडायचा किंवा कापायचा. एकाने खालून हात घालून जबडा आणि मानेचा मागचा भाग घट्ट धरून ठेवायचा. दुसऱ्याने हेल्मेटच्या दोन्ही बाजू बाहेर ताणत ते हळूहळू काढायचं, नाकाशी अडकतं तिथे किंचित मागे कलवायचं. पूर्ण निघेपर्यंत पहिल्याने मान सोडायची नाही.

किकमास्तर

ओटीपोटाचं कोणी लिहिलंच नाही. समोरून धडक बसली की स्वार पुढे सरकतो आणि टाकीवर आदळतो. कमरेची हाडं पुस्तकासारखी उघडतात असं आमच्या एका स्वार डॉक्टरमित्राने सांगितलं होतं. ताई, खरं का?

रात्रपाळी

खरं, आणि जीवघेणं. बाहेर एक थेंब न दिसता आत लिटरच्या लिटर रक्त जातं. अशा माणसाला "उभा राहा बघू" म्हणू नका, कंबर दाबून-हलवून तर मुळीच बघू नका. चादर किंवा पट्टा खुब्यांच्या उंचवट्यांवरून घट्ट बांधतात, पोटावरून नव्हे. पांढरा पडला, घाम फुटला, नाडी जलद, अस्वस्थ बडबड: हा रक्त कमी पडून शॉकमध्ये गेलेला रुग्ण, थेट मोठ्या रुग्णालयात. रक्तस्राव कमी करणारं ट्रानेक्सामिक ॲसिड नावाचं साधं, जुनं औषध आहे. २०१० साली ४० देशांतल्या २०,००० हून अधिक जखमींवर झालेल्या क्रॅश-२ चाचणीत त्याने जीव वाचतात हे दिसलं, पण पहिल्या तीन तासांत दिलं तरच. हँडल पोटात घुसून प्लीहा फाटते तेही असंच, वर फक्त गोल वळ असतो.

मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलेल्यांसाठी अजून एक. एक ते तीन दिवसांत अचानक धाप, गोंधळल्यासारखं बोलणं, छातीवर-काखेत बारीक लाल ठिपके दिसले तर हाडातली चरबी रक्तात गेलेली असू शकते. लगेच सांगा.

सुसाट

आणि जे नुसतं खरचटतं त्याचं? जॅकेट-बूट घेतले तर हाडं वाचतात का?

किकमास्तर

खरं सांगू? कातडी वाचते, सांध्यांवरचे पॅड मुका मार कमी करतात, घोट्यावरचा बूट घोटा सांभाळतो. पण बाजूने आलेली गाडी नडगी मोडणार असेल तर जॅकेटवाल्याचीही मोडते. विकणारा काहीही म्हणो. तरी मी घालतो, कारण जीन्स डांबरावर क्षणात फाटते.

रात्रपाळी

खरचटलं असेल तर पहिल्याच दिवशी वाळूचा कण न् कण निघाला पाहिजे, हवं तर भूल देऊन ब्रशने. राहिलेले कण कातडीखाली कायमचे निळे-काळे डाग होऊन बसतात, गोंदल्यासारखे. धनुर्वाताचं इंजेक्शन विसरू नका. जखम कोरडी करून खपली धरवण्यापेक्षा ओलसर ड्रेसिंगखाली लवकर भरते.

धाकटी_पाती

नसानस दादा, ताई, अपडेट देते. नसांची ऑपरेशनं करणाऱ्या विभागात पुढच्या आठवड्यातली वेळ मिळाली. घरचे आधी "आत्ताच कशाला" म्हणत होते, तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला. सोबत काय न्यायचं?

नसानस

छान केलंत. सगळे एक्सरे, पहिल्या दिवशीचे कागद, कॉलरबोनचं ऑपरेशन झालं असेल तर त्याची नोंद. नसांची तपासणी, म्हणजे ईएमजी, झाली असेल तर तो अहवाल. ती अपघातानंतर तीन-चार आठवड्यांच्या आत केलेली असेल तर बहुधा पुन्हा करायला सांगतील, कारण तोवर स्नायूत बदल नीट दिसत नाहीत. मानेच्या एमआरआयची विचारणा होईल. शरीरात प्लेट-स्क्रू असतील तर आधीच सांगा. आणि एका कागदावर तारखेनिशी लिहा: अपघाताच्या दिवशी काय हलत होतं, महिन्याने काय, आज काय. बोटं पहिल्यापासून हलत होती की नंतर हलायला लागली, यावर पुढचा निर्णय बराच अवलंबून असेल.

धाकटी_पाती

बोटं तिसऱ्या आठवड्यात हलायला लागली. लिहून ठेवते.